जुन्नरचा समुद्र

पारगावला माझी थोरली बहीण दिली होती. मी जुन्नरच्या हायस्कुलात विज्ञान शिकवायला लागलो त्याच्या दुसऱ्या की तिसऱ्या उन्हाळ्यात दाजींनी घोडनदीकाठच्या रानात विहीर काढायला घेतली. सुट्टी लागली की मी आमच्या गावी, कळंबला जायचो आणि तिथून दोन दिवस बहिणीकडे. विहिरीवर माझं काही काम नव्हतं. सावलीला बसून वर येणाऱ्या पाट्या बघायच्या आणि जेवणाची हाक आली की उठायचं.

वरची काळी माती संपून खाली पिवळी लागली होती. तिच्यात चुनखडीचे खडे होते. एका पाटीतून माती ओतली तेव्हा ढेकूळ फुटलं आणि आतून शिंपला निघाला. पांढराफटक, दोन्ही पाखं मिटलेली, आणि पोटात माती भरून ती दगडासारखी घट्ट झालेली. मी तो उचलून उपरण्याला पुसला. वजन चांगलंच होतं.

"दाजी, हे काय?"

"शिंपला हाय की. कालधरनं निगत्यात," दाजी म्हणाले. "लई खोल गाडल्यात पर. कवाचं असत्याल कोन जाणं."

विहीर तेव्हा दोन पुरुष तरी खोल गेली होती. इतक्या खाली शिंपले आले कुठून? मी ढिगाऱ्यावर बसलो आणि ढेकळं फोडायला लागलो. चपटे, लांबट, गोल, शिवाय सुईसारख्या निमुळत्या लहान गोगलगाई. बहिणीनं जेवायला तीनदा बोलावलं असेल. शेवटी तिनंच येऊन माझ्या हातातलं खुरपं काढून घेतलं. तोवर उपरण्यात शेर-दोन शेर शिंपले जमले होते.

मला लहान वस्तू धड दिसत नसत. चष्मा होता, पण सुईएवढ्या गोगलगाईवरच्या रेघा त्यानं दिसेनात. जुन्नरला परत आल्यावर मी बाजारपेठेतल्या घड्याळवाल्या भाईंकडे गेलो. माझं मनगटी घड्याळ त्यांच्याकडे दुरुस्तीला असायचं, तेवढीच ओळख. माझ्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी मोठे असतील. अंगानं किरकोळ, दाढी नीट कातरलेली, आणि डोळ्याला भिंग लावलं की दुकानात कोण आलं-गेलं याचा पत्ता नसायचा.

"भाई, जरा तुमचं भिंग देता का?"

"कशाला?"

मी पुडी सोडली. त्यांनी भिंग मला दिलंच नाही. चिमट्यानं एक गोगलगाय उचलली, आपल्याच डोळ्याशी नेली आणि हळूहळू फिरवली. मग म्हणाले, "मास्तर, ह्याच्यावर आटे हायेत. इस्क्रूसारखे. कुणी पाडले असतील हो इतके बारीक?"

"कुणी नाही. आतला किडा स्वतःच घर बांधत जातो."

"आन् हे जमिनीत कसं गेलं?"

तेव्हा मी ते वाक्य बोललो. पूर्ण विश्वासानं बोललो. "इथं कधीकाळी समुद्र असला पाहिजे."

भाईंनी भिंग काढून ठेवलं. "जुन्नरात?"

"जुन्नरात, पारगावात, सगळीकडे."

याचं त्यांना का इतकं वाटलं ते पुढे कळलं. त्यांचे वडील आगबोटीनं हजला जाऊन आले होते. आल्यावर वर्षभर लोक त्यांना मक्केचं विचारत आणि ते मक्केचं सांगून झालं की समुद्राचं सांगत. पाणी किती, रंग कसा, रात्री जहाज कसं हलायचं. ते वारले तेव्हा भाई लहान होते. स्वतः भाई पुण्यापलीकडे गेलेले नव्हते. समुद्र त्यांनी फक्त ऐकला होता. तो एकेकाळी आपल्या दुकानाखाली होता असं हायस्कूलचा मास्तर सांगत होता.

त्या दिवसापासून आम्हा दोघांना नाद लागला. शनिवारी शाळा सकाळची. दुपारी मी जेवून दुकानात जायचो, भाई फळ्या लावून दुकान बंद करायचे आणि आम्ही सायकली काढायचो. कुकडीच्या काठाकाठानं जिथं नदीनं दरड कापली असेल तिथं पिवळ्या मातीचा थर शोधायचा. पावसाळा संपून पाणी उतरलं की दरड ताजी कापलेली असे आणि शिंपले नुसते डोकावत असत. माझ्या हातात खुरपं, भाईंच्या हातात घड्याळाचा ब्रश. मी ढेकूळ फोडायचो, ते झाडायचे. माझ्या हातून निम्मे फुटायचे. म्हणून पुढे पुढे मी फक्त शोधायला लागलो आणि काढायचं काम त्यांच्याकडे गेलं.

एकदा शिंपले स्वच्छ करायला त्यांनी लिंबू सुचवलं. पितळेचे काटे ते लिंबानं उजळायचे. मी "करा की" म्हणालो आणि बशीत लिंबू पिळलं. शिंपल्यांना फेस आला. आम्ही कौतुकानं बघत राहिलो. चुन्यावर आम्ल पडलं की काय होतं हे मी दर वर्षी नववीला करून दाखवत असे. ते आठवेपर्यंत चार गोगलगाई विरघळून गेल्या होत्या.

ओळख पटवायला माझ्याकडे एकच पुस्तक होतं, पुण्याच्या जुन्या बाजारात घेतलेलं, इंग्लंडच्या किनाऱ्यावरच्या शिंपल्यांचं. त्यातली चित्रं आणि आमचे शिंपले शेजारी शेजारी ठेवून आम्ही जमवाजमव करायचो. कुठलंच चित्र नीट जमत नसे. थोडं इकडे, थोडं तिकडे असायचं. मी म्हणायचो, "तिकडचा समुद्र वेगळा, आपला वेगळा." भाईंना ते पटायचं. मलाही पटत होतं.

गावात बातमी पसरायला वेळ लागला नाही. बाजाराच्या दिवशी खेड्यातली माणसं घड्याळ नसलं तरी दुकानाशी थांबायची. "भाऊ, हितं समिंदर व्हता म्हनत्यात, खरंय का?" भाई सांगायचे. मी तिथं असलो तर माझ्याकडे बोट दाखवायचे, "मास्तरान्ला इचारा."

मग तो शंखाचा तुकडा सापडला. पहिल्या पावसाच्या सरी होऊन गेल्या होत्या, नदीला गढूळ पाणी होतं म्हणून आम्ही गावाबाहेर डोंगराच्या पायथ्याच्या शेतांकडे फिरायला गेलो होतो. तिथं जुन्या खापरांचा नुसता खच असतो. नांगराला विटाही लागतात. भाईंना बांधाशी एक पांढरं कड्यासारखं काही दिसलं. उचललं तर जाडजूड, बोटभर जाडीचं, आतून पिळा असलेलं. पारगावचे शिंपले त्याच्यापुढे कागदासारखे वाटले. त्यांनी ते कानाला लावून बघितलं. तुकडाच तो, त्यात काय ऐकू येणार? पण मला म्हणाले, "मास्तर, हा नक्की समुद्राचा."

त्यात शंका नव्हती. तसा शंख नदीत होत नाही हे कुणीही सांगितलं असतं. आमचा समुद्र सिद्ध झाला. दुसऱ्या दिवशी भाईंनी दुकानातल्या काचेच्या कपाटात, जिथं ते विकायची घड्याळं ठेवत, वरचा कप्पा रिकामा केला, निळं मखमली कापड अंथरलं आणि मधोमध तो तुकडा ठेवला. भोवती आमचे नदीचे शिंपले मांडले. त्या आठवड्यात कपाट बघायला इतकी माणसं आली की त्यांना काम करता आलं नाही. कचेरीतले लोक आले, मशिदीतून परतणारी मंडळी आली, बायका पदर सावरून दारातून बघून गेल्या. एका म्हाताऱ्यानं कपाटाला हात जोडले.

मी एका सकाळी शाळेत जाताना थांबलो. ऊन बरोबर कपाटात पडलं होतं. तिरप्या उन्हात त्या तुकड्याच्या कडेवर मला रेघा दिसल्या. सरळ, एकमेकींशी समांतर, अगदी जवळ जवळ. शिंपल्यावरच्या रेघा गोल जातात, वाढीबरोबर वळतात. या वळत नव्हत्या.

"भाई, हा जरा काढा बाहेर."

"कशाला? लोक बघतायत."

"ह्याची ही बाजू कापलेली दिसते. करवतीनं."

ते हसले. "मास्तर, समुद्रात करवत कुठनं आली?"

"समुद्रात नाही. माणसानं कापलाय. भिंग लावून बघा."

"बघितलंय."

त्यांनी बघितलं नव्हतं. सापडल्यापासून भिंग लावून त्यांनी फक्त पिळा बघितला होता, हे मला ठाऊक होतं. मी पुन्हा म्हणालो तेव्हा त्यांनी हातातला चिमटा ठेवला.

"करवत, कानस माझ्या धंद्यातली. मला सांगता? तुमी शिकलेले लोक, तुमाला कुठलीबी गोष्ट मोडून बघायची सवय. समुद्र व्हता हे तुमीच बोलला. आता तुमीच न्हाई म्हनता."

"समुद्र नव्हता असं मी म्हणत नाही. हा तुकडा कापलेला आहे इतकंच म्हणतो."

"एकच झालं ते," भाई म्हणाले आणि भिंग लावून दुसऱ्याच घड्याळात डोकं घातलं.

दारात दोन गिऱ्हाईकं उभी होती. त्यांच्यादेखत बोललो हे चुकलंच असं मला शाळेत पोचेपर्यंत वाटायला लागलं, पण माघारी गेलो नाही. पुढच्या शनिवारी त्यांनी फळ्या लावल्या नाहीत आणि मी सायकल काढली नाही. मग मी बाजारपेठेतून जायचंच सोडलं. वळसा घालून मागच्या गल्लीनं जायला लागलो. एकट्यानं एकदा कुकडीवर गेलो, तर हाताशी आलेला चांगला शिंपला खुरप्यानं फोडून परत आलो.

श्रावण गेला. माझं घड्याळ बंद पडलं आणि मी ते खिशात घालून हिंडत होतो. शेवटी बायको म्हणाली, "अहो, ते दुरुस्तीला तरी द्या. नाहीतर मी देऊन येते आणि सांगते, मास्तर भांडलेत म्हणून बायकोला पाठवलं."

मी गेलो. भाईंनी घड्याळ घेतलं, उघडलं, फुंकर मारली, कसलासा केस काढला आणि मिटून परत दिलं. कपाटात तो तुकडा होताच. पण तो उलटा ठेवलेला मी बघितला. कापलेली कड मागे, भिंतीकडे होती.

मी वळलो तेव्हा ते म्हणाले, "पुण्याला कुणी जाणता माणूस हाय का तुमच्या वळखीचा?"

"मी शिकलो त्या कॉलेजात भूगर्भशास्त्राचे प्राध्यापक आहेत."

"त्यांच्याकडं जाऊ. ते बोलतील तसं. माझं चुकलं तर मी कपाटातनं काढतो. तुमचं चुकलं तर तुमी इथं दुकानात बसून लोकांना सांगायचं."

"कबूल."

आम्ही यष्टीनं पुण्याला गेलो. शिंपले माझ्या पिशवीत, तुकडा त्यांच्या खिशात रुमालात. नारायणगाव गेलं. कळंब आलं तेव्हा मी खिडकीतून आमची वाट दाखवली, ते "हूं" म्हणाले. मग मंचर, खेड गेलं.

प्राध्यापक मला ओळखत नव्हते, पण त्यांनी बसवून घेतलं. टेबलावर वर्तमानपत्र पसरलं आणि मला पिशवी ओतायला लावली. एका बोटानं त्यांनी शिंपले तीन-चार ढिगांत सारले. आम्ही वर्ष-दीड वर्ष डोकं फोडत होतो ते काम त्यांनी एकदाही भिंग न घेता केलं.

"हे समुद्राचे असं कोण म्हणालं?"

"मी," मी म्हणालो.

"ह्यात कालव आहे? प्रवाळ आहे? समुद्राच्या थरात शंभर तऱ्हेचे जीव सापडतात. तुमच्याकडे पाच-सहाच तऱ्हा आणि त्याच त्या शेकड्यांनी. आणि हे बघा." त्यांनी एक लांबट शिंपला उचलून त्याचं बिजागर जुळतं तिथलं टोक माझ्यासमोर धरलं. ते किडल्यासारखं खाल्लेलं होतं. असं ते आमच्या प्रत्येक शिंपल्यावर होतं आणि आम्ही ते आमच्या ब्रशामुळे झालं असं धरून चाललो होतो. "गोड्या पाण्यात चुना कमी. ते पाणी शिंपल्याचं सर्वांत जुनं टोक हळूहळू खातं. ही नदीची खूण आहे. हे सगळे नदीचे. जुने आहेत, हजारो वर्षांचे असतील, पण नदीचेच."

मी तो शिंपला हातात घेऊन खाल्लेलं टोक चाचपलं.

"गाव कुठलं तुमचं?"

"कळंब."

"म्हणजे घोडनदीवरचेच. नदीत कधी उतरला नाहीत का?"

मी त्याच नदीत पोहायला शिकलो होतो. डोहाच्या तळाशी पायाला लागायचे ते शिंपले कसे होते ते मला आठवेना. बघितलेच नव्हते.

"आणि जुन्नरला समुद्र शोधू नका," ते पुढे म्हणाले. "तुमचा सगळा डोंगर हा ज्वालामुखीचा रस आहे. त्यात समुद्राचा शिंपला शोधणं म्हणजे तापल्या तव्यावर मासा शोधणं."

मग भाईंनी रुमाल सोडला. प्राध्यापकांनी तुकडा घेतला, फिरवला आणि पहिल्यांदाच खुर्चीत पुढे सरकले. भिंग त्यांनी भाईंपुढे केलं, पण भाईंनी खिशातून आपलं काढून डोळ्याला लावलं. प्राध्यापकांनी कापलेली कड त्यांच्याकडे केली. "ही बाजू बघा."

भाई बघत राहिले. तुकडा खिडकीच्या उजेडाकडे तिरपा केला, पुन्हा सरळ केला.

"करवत हाय," ते म्हणाले. "बारीक दातांची. एकाच बाजूनं चालवलीय." भिंग उतरवून त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही.

"बरोबर," प्राध्यापक म्हणाले. "शंखाच्या बांगड्या कापत असत. बांगडी काढून घेतली की हा असा तुकडा उरे. शंख समुद्राचाच आहे, तुमचं म्हणणं खरं. पण तो तिथं समुद्रानं आणलेला नाही. नाणेघाटानं कुणी व्यापारी घेऊन आला असेल. फार जुनी गोष्ट, पण माणसांची."

भाईंचा चेहरा उतरला होता. ते प्राध्यापकांच्या लक्षात आलं की नाही कोण जाणे, पण त्यांनी मागचा खण ओढला आणि मुठीएवढं काही भाईंच्या तळहातावर ठेवलं. आडव्या वळ्या असलेला, दोन्ही पाखं मिटलेला शिंपला, पुरता दगड झालेला.

"हा कच्छचा. हा खऱ्या समुद्राचा."

भाईंनी तो दोन्ही हातांत घेतला. बराच वेळ परत दिला नाही. निघताना प्राध्यापकांनी मला विचारलं की पारगावचे शिंपले नेमके किती खोलीवर होते, कुठल्या थरात, वर काय होतं, खाली काय. मला धड सांगता आलं नाही. "ते लिहून ठेवत जा," ते म्हणाले. "नुसता शिंपला म्हणजे पत्ता फाडलेलं पाकीट."

परतीच्या यष्टीत भाई खिडकीशी बसले. खेडला गाडी थांबली. मी खाली उतरून दोन कप चहा आणला. त्यांनी कप घेतला आणि एकदम हसायला लागले, इतके की चहा बशीत सांडला.

"काय झालं?"

"मास्तर, तुमीबी चुकला व्हता."

"हो."

"माझा निदान समुद्राचा तरी व्हता. तुमचं सगळंच नदीचं निगालं."

"निघालं खरं."

"मग ठीक हाय," भाई म्हणाले आणि बशीतला चहा प्यायले. मंचरपर्यंत ते प्राध्यापकांची नक्कल करत होते. तव्यावरचा मासा त्यांना फार आवडला होता.

दुसऱ्या दिवशी मी दुकानात गेलो. त्यांनी तुकडा काढलेला नव्हता, पण कापलेली कड आता पुढे केली होती आणि शेजारी एक भिंग दोऱ्यानं बांधून ठेवलं होतं. लोकांना ते आता करवतीच्या रेघा दाखवायचे. मला वाटलं होतं लोक हसतील. समुद्र गेला म्हणून एक-दोघं खट्टू झाले. पण बाकीच्यांना शंख घाटानं कुणी आणला, बैलावर आणला की डोक्यावर, बांगड्या कोण घालत होतं, हे विचारण्यात जास्त रस निघाला. कासारगल्लीतल्या एका बाईंनी तुकडा हातात घेऊन सांगितलं की ही बांगडी घालणारा हात लहान असणार, मुलीचा. आम्ही तसा विचार केला नव्हता.

आमचं काम आता उलट्या बाजूनं सुरू झालं. जमिनीतले शिंपले नदीचे, तर नदीत आज कोण राहतं ते बघायला हवं. एकेका शिंपल्याचा जिवंत जोडीदार शोधायचा. कुकडी झाली, मीना नदी झाली. शिंपला पाण्यात कसा चालतो, वाळूत मागे कशी रेघ ठेवतो, हे मी तिशीजवळ आल्यावर पहिल्यांदा बघितलं. खोली आणि थर लिहायला मी विसरायचो. भाई पंच्याच्या मापानं दरड मोजून सांगायचे आणि मला लिहायला लावायचे.

एकदा आम्ही आंबेगावला गेलो. तिथं घोडनदी डोंगरातून नुकतीच उतरलेली, पाणी काचेसारखं. भाईंनी विजार गुडघ्यावर दुमडली आणि डोहाच्या कडेनं शिरले. शेवाळलेल्या दगडावरून पाय सटकला आणि बसले थेट गळ्याएवढ्या पाण्यात. काठावर धुणं धुणाऱ्या बायका हसून हसून बेजार झाल्या. "पावणं, मासं धरताय का काय?" भाईंनी आधी मनगट वर केलं. घड्याळात पाणी गेलं होतं. मग दुसरा हात वर केला, त्यात तळव्याएवढा जिवंत शिंपला होता. त्याचं टोक तसंच खाल्लेलं. पारगावच्या विहिरीतला अगदी तोच, फक्त हिरवट-काळा, ओला. आम्ही त्याला चारी बाजूंनी बघितलं आणि परत सोडला. घड्याळ त्यांनी तिथंच खडकावर उघडून उन्हात वाळत घातलं. दुपारभर आम्ही शेजारी बसून भाकरी खाल्ली. घड्याळ काही चाललं नाही.

जवळजवळ सगळ्यांचे जोडीदार मिळाले. एक बुटकी, जाड ओठांची गोगलगाय तेवढी जिवंत कधी सापडली नाही. प्राध्यापकांकडे पुन्हा गेलो तेव्हा ते म्हणाले, "तुम्हाला सापडली नाही म्हणजे नाहीच असं समजू नका. शोधत राहा." आम्ही शोधत राहिलो. मिळाली नाही.

पुढे काही वर्षांनी मला संगमनेरच्या शाळेत नोकरी मिळाली. जाण्याआधी दुकानाच्या फळीवर आम्ही सगळं मांडलं आणि वाटणी करायला बसलो. मी म्हणालो, निम्मं निम्मं करू. भाई म्हणाले, "नको. नदीतले तुमी घ्या, विहिरीतले आन् दरडीतले मला ऱ्हाऊ द्या. तुमी जिथं जाल तिथं नदी असंलच, तिथल्याशी ताडून बघता येईल. हितली पिवळी माती तिथं न्हाई मिळायची."

मला जमिनीतले जास्त आवडत होते. हे त्यांनाही माहीत होतं. पण बोलणं बरोबर होतं, म्हणून मी नदीतल्यांची पेटी भरली. त्यांनी वर कापूस घातला, दोरी बांधली आणि पेटी डोक्यावर घेऊन स्टँडवर आले. यष्टीच्या टपावर चढवताना हमालाला तीनतीनदा सांगत होते, हळू, काच हाय म्हणून.

संगमनेरला प्रवरा आहे. सामान लावून झाल्यावर पहिल्या रविवारी मी विजार दुमडून पाण्यात उतरलो.